एकाच वहीतली दोन गावे

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवले. पण त्यांच्या टेबलावर समाजशास्त्राची पुस्तके जास्त दिसायची. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आपल्या बोलण्यातल्या टी.वाय.ला, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र घेऊन बसलेल्या मुलामुलींना आपण काय देतो आणि काय द्यायला हवे, याविषयी मी आज बोलणार आहे.

ही जोडी नवी नाही. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन पेपर अशी सोय होती. पुण्याकडे एक विषय ‘स्पेशल’ आणि दुसरा ‘जनरल’. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर आणि मायनर आले. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांत ही जोडी पूर्वीही चालायची, आजही चालते. वेळापत्रकात दोन्ही विषय बसतात, पुस्तके मराठीत मिळतात, स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो. या कारणांना मी हलके समजत नाही. एसटीने रोज तासभर प्रवास करून येणाऱ्या मुलीने वेळापत्रक बघून विषय घेतला, तर त्यात तिला कमीपणा आणणारे काही नाही. पुढची जबाबदारी आपली, म्हणजे शिकवणाऱ्यांची आहे.

आणि ती आपण नीट पार पाडत नाही. त्या मुलीची वही उघडून पाहा. राज्यशास्त्राच्या बाजूला एक गाव आहे. त्या गावात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आहे, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आहे, सरपंचाचे अधिकार आणि ग्रामसभेची कार्ये आहेत. त्यात माणसे नाहीत, मतदार आहेत. समाजशास्त्राच्या बाजूला दुसरे गाव आहे. त्यात बारा बलुतेदार आहेत, एकत्र कुटुंब आहे, जात आणि नातेसंबंध आहेत, पण ग्रामपंचायतीचे कार्यालय कुठे दिसत नाही. ही दोन्ही गावे एकाच मुलीने, एकाच अक्षरात उतरवून घेतली आहेत आणि ती ज्या तिसऱ्या गावातून सकाळी निघून आली, त्याच्याशी दोन्हींची गाठ पडलेली नाही. दोन विषय शेजारी ठेवले म्हणजे ते एकत्र शिकवले, असे होत नाही. दोघांपुढे एकच प्रश्न ठेवावा लागतो.

हे काम आपल्याकडे पूर्वी झालेले आहे आणि फार मोठ्या माणसांनी केलेले आहे. १९१९ हे एकच साल घ्या. त्या वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. प्रमुख होते पॅट्रिक गेडिस, आणि विभागाच्या नावातच समाजशास्त्राच्या जोडीला नागरिकशास्त्र होते. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे आले, त्यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली आणि विषयाला स्वतःचे घर मिळाले. ते हवेच होते. त्या घरात मधल्या भिंती नंतर उभ्या राहिल्या, आणि त्या पाडायला फार थोड्यांनी हात घातला.

त्याच वर्षीच्या २७ जानेवारीला, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवणारा सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभा राहिला. नव्या सुधारणांत मताधिकार कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी ही समिती नेमली होती. प्राध्यापक होते भीमराव आंबेडकर. त्यांचे ते निवेदन आज शेवटच्या वर्षाच्या वर्गात सलग वाचले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. समितीपुढचा प्रश्न शुद्ध राज्यशास्त्राचा होता: मतदारसंघ कसे आखायचे, मताची पात्रता काय ठेवायची. आंबेडकरांनी त्याचे उत्तर समाजाच्या रचनेतून दिले. भूभागाच्या रेषा ओढून मतदारसंघ करायचा, तर त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसांचे एकमेकांशी काही देणेघेणे असले पाहिजे. जिथे एका गटाचा दुसऱ्याशी स्पर्शाचाही व्यवहार नाही, तिथे एकाच्या मनातले दुसऱ्याचा प्रतिनिधी कसे बोलणार? प्रतिनिधित्वाचा आणि राज्याच्या कारभारात पद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे मुख्य हक्क, आणि अस्पृश्यता नेमकी त्यांच्याच आड येते, हे त्यांनी मांडले. तीन वर्षे आधी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. तिथला जातीचा विचार इथे मताधिकाराच्या प्रश्नाला लावलेला दिसतो. पुढे तीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी राजकारणातली समता आणि समाजातली विषमता यांच्या विसंगतीचा इशारा दिला, तो आपल्याला पाठ आहे. त्याची मुळे १९१९ च्या त्या साक्षीत आहेत.

त्या साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ जानेवारीला, तिकडे म्युनिकमध्ये मॅक्स वेबर विद्यार्थ्यांपुढे राजकारण या व्यवसायावर व्याख्यान देत होते. सत्तेला लोक मान्यता का देतात, परंपरेमुळे, व्यक्तीच्या प्रभावामुळे की कायद्यामुळे, ही त्यांची विभागणी आपल्याकडे दोन्ही विषयांच्या पेपरात येते आणि दोन्हीकडे पाच गुणांच्या टिपेपुरती उरते. मुंबई आणि म्युनिक यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोन्हीकडे महायुद्धानंतर मताचा हक्क नव्या माणसांपर्यंत पोहोचत होता आणि त्यामुळे राज्य आणि समाज यांचा विचार एकदम करणे भाग पडत होते. आपल्या विद्यार्थ्यावरही तशीच वेळ आलेली असते. शेवटच्या वर्षाला येईपर्यंत त्याला मताचा हक्क मिळालेला असतो, आणि अनेकांनी पहिले मत दिलेले असते.

आता आपल्या जवळचे पाहू. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुण्यात राज्यशास्त्र शिकवणारे वि. म. सिरसीकर यांनी त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यात अभ्यास केला आणि नंतर ग्रामीण नेतृत्वाकडे वळले. जिल्हा परिषदांतून पुढे आलेली ही माणसे कोण, त्यांची जमीन किती, शिक्षण काय, जात कोणती, असे प्रश्न घेऊन त्यांनी केलेला अभ्यास १९७० साली पुस्तकरूपाने आला. राज्यशास्त्राचा माणूस समाजशास्त्राच्या रस्त्याने चालत गेला. उलट बाजूने दिल्ली विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक बा. श. बाविस्कर कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्यात येऊन बसले. सभासद कोण, संचालक कसे निवडून येतात, गट कसे बनतात आणि फुटतात, तालुक्याचे राजकारण कारखान्याच्या फाटकातून आत-बाहेर कसे करते, हे त्यांनी पाहिले. १९८० साली ते पुस्तक आले. समाजशास्त्रज्ञाने लिहिलेले ते राजकारणाचे पुस्तक आहे. एक इकडून गेला, एक तिकडून आला, आणि दोघे भेटले ते ग्रामीण सत्तेच्या प्रश्नापाशी. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा हा हेतू होता. त्यातून सत्तेचे एक अख्खे जाळे तयार झाले, आणि ते समजायला एका विषयाची पुस्तके पुरत नाहीत, हे या दोघांनी आपापल्या बाजूने दाखवले.

घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या गावात, पुस्तकांत ज्याला ते रामपुरा म्हणतात तिथे, १९४८ साली राहून ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना घडवली. जमीन हातात असलेली, संख्येने मोठी आणि स्थानिक सत्तेवर पकड असलेली जात. आज निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर बोलणारा प्रत्येक जण या संकल्पनेवर उभा असतो. ती मतांच्या आकडेवारीतून आलेली नाही. एका माणसाने गावात मुक्काम केला, कोण कोणाच्या ओसरीवर बसतो आणि भांडण मिटवायला कोणाला बोलावतात हे पाहिले, त्यातून ती आली. हे टी.वाय.च्या मुलांना सांगायला हवे, कारण ओसरीवर कोण बसतो हे त्यांनाही दिसते. श्रीनिवासांना मुद्दाम जाऊन राहावे लागले, आपली मुले तिथेच जन्मली आहेत.

मी ग्रामपंचायतीवर थोडा रेंगाळणार आहे, कारण या जोडीचे सगळे सामर्थ्य मला तिथे दिसते.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातल्या पस्तिसाव्या कलमाखाली सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावाला दोन-तृतीयांश बहुमत लागायचे. पुढे त्यात अशी तरतूद आली की सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असेल, तर तीन-चतुर्थांश हवे. राज्यशास्त्राचा विद्यार्थी हे दोन अपूर्णांक पाठ करतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत. पण विचारा, विधिमंडळाला हा फरक का करावा लागला? आरक्षणाने निवडून आलेल्या बाईने सही करायला नकार दिला, हिशेब मागितला, की उरलेले सदस्य एक होतात. कालपर्यंत एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या भावक्या एका कागदावर सह्या करतात. त्या एकजुटीची ताकद पाहूनच कायद्याला आपला आकडा वर न्यावा लागला. म्हणजे त्या एका अपूर्णांकात गावातले नातेसंबंध, पुरुषांची बैठक आणि बाईच्या सहीची किंमत एवढे सगळे आहे. ते उलगडायला दोन्ही विषय लागतात, आणि एकदा उलगडले की तो आकडा परीक्षेनंतर विसरला जात नाही.

सरपंचाच्या थेट निवडणुकीचेही तसेच. २०१७ साली ती आली, २०२० साली गेली, २०२२ साली पुन्हा आली. वर्तमानपत्रांत त्यावर पक्षांच्या सोयीची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण वर्गात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सदस्यांनी सरपंच निवडायचा, तेव्हा कोणत्या वस्तीला बोलणी करायची संधी होती? सगळ्या गावाने थेट निवडायचा, तेव्हा दोन घरांच्या वस्तीचे काय होते? नियम बदलला की गावातली कोणती सोयरीक अचानक महत्त्वाची ठरते?

आणि लिलाव. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, कारण तिथे पदांसाठी जाहीर बोली लागली होती. आयोगाने केले ते योग्यच. मत विकत घेता येत नाही, पदही नाही. इथे राज्यशास्त्राचा निवाडा स्पष्ट आहे आणि तो पातळ करू नये. पण बोलीतला पैसा देवळाच्या कामासाठी असल्याच्या बातम्या होत्या, आणि बोली लपूनछपून नव्हे, लोकांसमोर लागली होती. लाच रात्री देतात, ही सभा दिवसाउजेडी भरते. म्हणजे बोली लावणाऱ्यांना हे काम इभ्रतीचे वाटत होते. बिनविरोध निवडणूक, गावाची एकी, देवाचे काम, या शब्दांखाली कोणाचा उमेदवारीचा हक्क त्या दिवशी संपला? ज्याच्याकडे बोलीला पैसा नाही त्याचा, हे तर झालेच. ज्या वस्तीचा माणूस त्या सभेत पुढे येऊन बसतच नाही, त्या वस्तीचाही. हा दुसरा भाग पाहायला समाजशास्त्राचे डोळे लागतात. आणि तो पाहून झाल्यावरही, हे बेकायदा आहे असे ठामपणे म्हणायला राज्यशास्त्र लागते. ‘गावची रीत आहे’ म्हणून सोडून देणारा समाजशास्त्राचा विद्यार्थी मला नको, आणि ‘कायद्याचा भंग’ एवढेच लिहून वही मिटणारा राज्यशास्त्राचाही नको.

आता बीडकडे या. दिवाळीच्या आसपास तिथल्या गावांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाने उचल दिलेली असते, ती फेडायची असते. परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. २०२१ साली राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले १५ जानेवारीला, ऐन हंगामात. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभाही ऐन हंगामातच येते. संविधानाने दिलेले मत गावच्या यादीत आहे आणि मत देणारी बाई कारखान्याच्या तळावर खोपीत आहे. मतदानासाठी गाडी पाठवली, तर ती कोणी पाठवली? उचल देणाऱ्याचे म्हणणे मतदानात किती चालते? ज्या कारखान्याच्या संचालकांची निवडणूक आपण बाविस्करांच्या पुस्तकात शिकतो, त्याच्याच फाटकाबाहेर राहणाऱ्या या बाईला त्या कारखान्यात मत नाही आणि स्वतःच्या गावात मत असून ती हजर नाही. सहकार, स्थलांतर, लिंगभाव, पंचायत राज हे चार वेगळे धडे आहेत आणि ती बाई एकच आहे. आपल्या वर्गात अशा घरांतली मुले बसलेली असतात. आई-वडील तळावर असताना आजीजवळ राहून ती टी.वाय.पर्यंत आली आहेत. त्यांच्यासमोर हे धडे चार तुकड्यांत वाचून दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी आदराने घेतो. विषय मिसळले की राज्यशास्त्राचा कणा मोडतो, सगळे शेवटी जातीच्या गणितावर येऊन थांबते. ही भीती खरी आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी छापून येणारी मतदारसंघांची जातवार कोष्टके पाहिली की ती अधिकच खरी वाटते. पण त्या कोष्टकांत समाजशास्त्रही नसते. आंद्रे बेतेय यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका गावावर १९६५ साली लिहिलेले पुस्तक जरूर वाचा. जात, वर्ग आणि सत्ता पूर्वी एकमेकांवर चपखल बसत होत्या, त्या सुट्या होत चालल्या आहेत. जमीन एकाकडे, कर्मकांडातला मान दुसऱ्याकडे आणि पंचायतीतले पद तिसऱ्याकडे जाते आहे, हे त्यांनी दाखवले. हे सुटे होणे मताधिकारामुळे आणि कायद्यामुळे घडत होते. संस्था समाजाला बदलतात. आरक्षणाच्या सोडतीने आजवर कधी सभेत न बोललेल्या घरातली बाई खुर्चीवर बसते, आणि पुढच्या निवडणुकीत ती खुल्या जागेवरून अर्ज भरते तेव्हा गावाची जुनी बैठक हलते. समाज राजकारणाला घडवतो एवढेच शिकवले, तर आपण मुलांना हताश करतो. उलटी दिशा राज्यशास्त्राने दाखवायची.

राज्य आणि समाज यांचा असा एकत्र विचार करण्याची थोरली परंपरा मराठीत आहेच. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. सरकारी कचेरीत कारकून कोण, न्यायालयात अर्ज कोण लिहितो, पाटबंधाऱ्याच्या पाण्यावर हुकूम कोणाचा, आणि या सगळ्याचा शेतकऱ्याच्या घरातल्या लग्नखर्चाशी आणि कर्जाशी संबंध काय, हे त्यांनी एका सलग विचारात मांडले. त्या पुस्तकाला कोणत्या विभागाच्या कपाटात ठेवायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

शेवटचेच वर्ष का, तेही सांगतो. पहिल्या वर्षी मुलांकडे शब्द नसतात. पदवीनंतर त्यांचे रस्ते फुटतात. काही पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये जातात, जिथे पंचायत राज म्हणजे चार पर्यायांतला एक पर्याय. काही बी.एड.ला, काही वकिलीला. आणि वर्गातल्या बऱ्याच मुलींचे, आपण हे मोकळेपणाने बोलले पाहिजे, टी.वाय.च्या निकालाच्या आसपास लग्न ठरते. त्यांच्यापैकी कोणाला उद्या सासरच्या गावात राखीव जागेवर अर्ज भरायला लावतील आणि सही मात्र दुसरा कोणी सांगेल तिथे करायला सांगतील. त्या दिवशी तिला कलमही माहीत हवे आणि समोर बसलेल्या माणसांची बैठकही वाचता यायला हवी. ही दोन्ही ज्ञाने एकत्र हातात देण्याची आपली शेवटची संधी हे एक वर्ष आहे.

करायचे काय? गुणांसाठीचा प्रकल्प आजही असतो आणि तो दुकानात टाइप होऊन मिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याऐवजी दोन्ही विषयांचा मिळून एकच अभ्यास द्यावा: स्वतःच्या गावातली किंवा प्रभागातली एक निवडणूक, किंवा एक ग्रामसभा. साहित्य अवघड नाही. मतदार यादी घ्यावी. ती घरांच्या क्रमाने असते, त्यामुळे आडनावे वाचत गेले की गल्ल्या, वाड्या आणि वस्त्या समोर उभ्या राहतात; प्रभागाची सीमा कोणत्या वस्तीच्या मधून गेली आहे हे तिथे दिसते. ग्रामसभेचे इतिवृत्त मागावे, न मिळाल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, तो वापरणे हाही अभ्यासक्रमच. इतिवृत्तात हजेरीच्या सह्या किती आणि सभेत माणसे किती, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. बायका कुठे बसल्या, कोण बोलले, कोणाचे बोलणे लिहून घेतले गेले, याची नोंद ठेवावी. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली का, की फक्त लिहिली गेली, हे आईला विचारले तरी कळते.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. मुलगी ज्या गावावर लिहिते त्याच गावात तिला राहायचे आहे. लिहिलेल्या पानावर कोणाचे नाव नको, गावाचेही नको, आणि तिने काय पाहिले याची फुशारकी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आपण मिरवायची नाही. श्रीनिवासांनी गावाचे नाव बदलले ते उगीच नाही. धोका दिसला तर अभ्यासाचा विषय बदलायची मोकळीक तिला पूर्ण असावी, गुण न कापता.

आणि तपासायचे कोणी? इथेच आजवर सगळे अडत आले आहे. राज्यशास्त्राच्या शिक्षकाने कलमे तपासायची आणि समाजशास्त्राच्या शिक्षकाने संकल्पना, असे झाले तर वहीत पुन्हा दोन गावे तयार होतील. तोंडी परीक्षेला दोघांनी एका टेबलाशी बसावे. त्याआधी वर्षभर, आठवड्यातून एक तास दोघांनी एकाच वर्गात असावे. एकाने शिकवावे, दुसऱ्याने मुलांच्या बाकावर बसून प्रश्न विचारावेत. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात असते, वेळापत्रक प्राचार्यांच्या. आज इथे दोन्ही विभागांचे प्रमुख आणि प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेले आहेत. जूनमध्ये नवे वेळापत्रक लागेल, तेव्हा त्यात हा एक तास लावावा, अशी विनंती मी त्यांना सगळ्यांसमक्ष करतो. सुरुवात आंबेडकरांच्या १९१९ च्या साक्षीच्या वाचनाने करावी.